एका हाताला जमेल असा ग्राइंडर

"काका, तो दुसरा हात काढा ना बाहेर," दुकानातली मुलगी म्हणाली.

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात मनगटापर्यंत रुतलेला होता आणि डाव्या हातानं ते काउंटरवरच्या कॉफी ग्राइंडरचं झाकण उघडायची खटपट करत होते. ग्राइंडर काचेवरून घसरत घसरत पार कडेला आला, तेव्हा झेल घ्यायच्या तयारीत मुलीनं ओंजळ पुढे केली. शेवटी मीच मध्ये पडलो.

"त्यांना एका हातानंच बघायचाय," मी म्हटलं.

मुलीचा चेहरा एकदम मऊ झाला. खिशातल्या हाताला काहीतरी झालंय, असा तिचा समज झाला. "सॉरी हं काका," असं म्हणून ती आतून स्टूल घेऊन आली. मास्तर कोणाचा आग्रह मोडत नाहीत, त्यामुळे बसले. आणि बसल्या बसल्या खिशातला हात काढून त्यांनी कपाळाचा घाम पुसला. मुलगी त्या हाताकडे बघतच राहिली.

"चांगला आहे की हात."

"माझा चांगलाच आहे," मास्तर म्हणाले आणि हात परत खिशात घातला.

मास्तर म्हणजे आमच्या मजल्यावरचे शिंपी. जिना चढून आलं की पहिलं दार त्यांचं, दुसरं आमचं. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल, एक आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं राहण्यापुरती जागा. गिऱ्हाईक अंगानं भरलेलं असलं तर मास्तर स्वतः फुटपाथवर उभे राहून माप घेतात. नवीन कपडे हल्ली कोणी शिवून घेत नाही. विकत घेतलेले कपडे लोकांना अंगात बसत नाहीत, एवढ्याच आधारावर त्यांचं घर चालतं. "लोकांची पोटं सुटताहेत तोवर मला मरण नाही," असं ते म्हणायचे, आणि बोलता बोलता, हाताकडे न बघता सुईत दोरा ओवायचे.

डाव्या हातानं. मास्तर पक्के डावखुरे. त्यांची कात्री मुद्दाम डावखुऱ्यांसाठी बनवून घेतलेली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली की कापड कापायच्या ऐवजी चावते. आमच्या हिनं एकदा ती मागून आणली, अर्धा पडदा चघळला आणि मुकाट्यानं परत नेऊन दिली. "वहिनी, कात्री माणूस ओळखते," मास्तर म्हणाले आणि पडद्याला खाली झालर लावून दिली. ती झालर इतकी छान झाली की लोक आम्हाला विचारायचे, पडदा कुठून आणलात.

मास्तरांच्या बायकोला सगळी बिल्डिंग काकू म्हणते, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. काकू बोलायला फटकळ. मास्तर एक वाक्य बोलायचे आणि काकू त्याला अस्तर लावायच्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, पँट जरा आखूड झाली," की वरून गॅलरीतून काकूंचा आवाज यायचा, "पाय वाढले असतील." गिऱ्हाईक पन्नाशीचं असलं तरी.

आणि त्यांची कॉफी. काकूंकडे हातानं फिरवायचं जुनं कॉफीचं यंत्र होतं. लाकडी पेटी, वर दांडा, खाली पूड पडायला छोटा खण. सकाळी उठून, तोंड धुऊन त्या बुटक्या स्टुलावर बसायच्या, पेटी गुडघ्यांत धरायच्या, डाव्या हातानं ती घट्ट दाबायच्या आणि उजव्या हातानं दांडा फिरवायच्या. भिंतीपलीकडून ती घरघर आमच्या उशाशी यायची. मधूनच थांबायची, तेव्हा काकू पूड चिमटीत धरून बघत असणार, हे आम्हाला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. मग पुन्हा घरघर, आणि मग वास. त्या वासानं आमच्या घरातला चहा रोज सकाळी ओशाळा व्हायचा.

बाजारात तयार पूड मिळते, हे काकूंना मान्यच नव्हतं. "दुसऱ्यानं चावलेला घास खायचा का?" असं त्या विचारायच्या. यंत्राला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मास्तरांना तर बंदीच होती, कारण मास्तर दांडा उलटा फिरवायचे.

गेल्या थंडीत एका सकाळी ती घरघर मधेच थांबली. आम्ही वाट बघितली. "चिमटीत घेऊन बघत असतील," ही म्हणाली. नंतर मास्तरांनी आमचं दार वाजवलं, तेव्हा त्यांच्या शर्टावर कॉफीची पूड सांडलेली होती.

पॅरालिसिसचा झटका. उजवी बाजू. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पाय हळूहळू थोडा परत आला, भिंतीला धरून चालण्याइतका. हात नाही आला. जीभही परत आली, स्वच्छ बोलता यायला लागलं. पण जीभ आली तरी काकू तिच्याबरोबर आल्या नाहीत. बोलायचं त्यांनी सोडूनच दिलं. औषध? "द्या." खिडकी उघडू? "राहू दे." भाजी कशी झालीय? "बरी आहे." मास्तरांनी केलेली भाजी खाऊन काकू "बरी आहे" म्हणाल्या, हे मास्तरांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा डॉक्टरांनी वाईट बातमी दिल्यासारखा झाला होता. मी ती भाजी चाखली होती. पूर्वीच्या काकूंना त्या भाजीवर आठवडाभर बोलता आलं असतं.

घरी हाताला व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. मास्तर त्यांना व्यायामवाली बाई म्हणायचे. हसतमुख, खणखणीत आवाजाची बाई. हात वर, हात खाली चालू असताना त्या रोज काकूंना विचारायच्या, "बोला काकू, काय करावंसं वाटतंय?" आणि काकू रोज म्हणायच्या, "काही नाही." एक दिवस मात्र काकू म्हणाल्या, "कॉफी दळावीशी वाटते."

मास्तर तेव्हा मोरीत भांडी घासत होते. तसेच ओल्या हातांनी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. कोपरापर्यंत साबणाचा फेस. मला वाटलं, पुन्हा काही झालं.

"कॉफी दळायचीय म्हणतेय," ते म्हणाले.

व्यायामवाली बाई जाताना जिन्यात थांबल्या. आवाज खाली आणून त्यांनी मास्तरांना सांगितलं, "काका, स्पष्ट बोलते. हाताची आता फार आशा धरू नका. पण त्यांना काहीतरी हवंसं वाटलंय, ते सोडू नका. माणसाला काही हवं असलं की आमचं काम चालतं. ते हवंसं वाटणंच थांबलं, तर मी नुसती हात वरखाली करणारी." मग म्हणाल्या, "डाव्या हातानं काय करता येईल, बघा."

तर अशी त्या ग्राइंडरची सुरुवात झाली. गुडघ्यात धरायच्या यंत्राला दोन हात लागतात, म्हणून विजेवरचा. घराच्या ओट्यावर मावेल असा, खिशाला परवडेल असा, आणि मुख्य म्हणजे एका हाताला जमेल असा.

दुसऱ्या गावी असलेल्या लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही कुठे वणवण करता? मी इथून मागवून देते. एकाला फार छान रेटिंग आहे."

"रेटिंग देणाऱ्यांना दोन हात असतात," मास्तर म्हणाले.

पुढं आम्ही दोघं रोज संध्याकाळी बाहेर पडायला लागलो. मला कॉफीतलं काही कळत नाही आणि विजेतलं त्याहून कळत नाही, पण सोबतीला माणूस लागतो आणि माझं ऑफिस लवकर सुटतं. त्या फिरण्यात एक कळलं, की ग्राइंडर विकणाऱ्याला माणसाला काय हवंय यापेक्षा मोटरला काय येतं, हे सांगायची जास्त हौस असते. एका दुकानदारानं तर छातीठोकपणे सांगितलं, "याच्यात दगड घाला, पीठ होईल."

"दगड नाही घालायचे," मास्तर म्हणाले. "झाकण उघडून दाखवा. एका हातानं."

दुकानदारानं एका हातानं उघडायला घेतलं आणि दुसरा हात आपोआप मदतीला आला. मास्तरांनी त्या दुसऱ्या हाताकडे फक्त बघितलं. दुकानदारानं तो मागे घेतला. झाकण उघडलं नाही. "तसं कोण उघडतं हो?" तो वैतागून म्हणाला.

सगळ्यात स्वस्त तो पात्याचा. आत मिक्सरसारखं पातं, वर झाकण. झाकण दाबून धरलं की फिरतो, सोडलं की थांबतो. दाबणं जमण्यासारखं होतं, पण पूड काढायला अख्खं यंत्र वायरसकट उचलून उलटं करावं लागत होतं. मास्तरांनी करून बघितलं, तर अर्धी पूड बाहीत गेली. त्याहून थोडा महाग तो वाटी सुटी निघणारा. पण वाटी फिरवून काढताना खालचं यंत्र धरायला कोणीतरी लागतं. आणि महागातला तो चक्कीचा: वर बिया ओतायच्या, बटण दाबायचं, खालच्या डब्यात पूड पडते, झाकण नुसतं ठेवलेलं. तो बघून मास्तर हरखले. मग त्यांनी किमतीचं लेबल वाचलं, ते उलटून मागे काही वेगळं लिहिलंय का तेही बघितलं.

"एवढ्यात शिलाई मशीन येईल," ते म्हणाले.

"जुनं," मी म्हटलं.

"जुनं का होईना, येईल ना."

आम्ही बाहेर पडलो. स्टूल देणारी ती मुलगी याच दुकानातली. आमच्या मागून तिनं हाक मारली, "काका, सेल लागला की सांगते हं." मास्तरांनी खिशातला हात काढून तिला दाखवला आणि पुन्हा आत घातला. एवढे दिवस खिशात राहून त्या हाताला आता तिथं घरच्यासारखं वाटायला लागलं असावं. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तरी तो बाहेर यायचा नाही.

शेवटी एका लहानशा इलेक्ट्रिकच्या दुकानात तो सापडला. दिव्यांच्या माळा आणि पंख्यांच्या गर्दीत मागे ठेवलेला, खोक्यावर धूळ. किंमत आवाक्यातली. खाली रबराचे पाय, त्यामुळे टेबलाला घट्ट चिकटून बसायचा. झाकणाच्या कडेला एक खटका. तळवा यंत्राच्या अंगाला टेकवायचा, अंगठ्यानं खटका दाबायचा, आणि त्याच वेळी बोटांनी झाकण फिरवायचं, की टक्कन उघडतं. आतली वाटी छोट्या दांडीला धरून वर उचलता येते. बटण समोर.

मास्तरांनी उघडून बघितलं, लावून बघितलं. पुन्हा उघडलं. मग डोळे मिटून उघडलं. वाटी काढली, दुकानदाराच्या कागदावर उलटी केली, परत बसवली. उजवा हात खिशातून हललासुद्धा नाही.

"जमतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "भाऊ, जमतंय."

मीसुद्धा म्हटलं, जमतंय. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मला डोळे आहेत, आणि त्यांचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता.

येताना खोकं त्यांनी मला धरू दिलं नाही. वाटेत ताज्या भाजलेल्या बिया घेतल्या. दुकानदारानं "दळून देऊ का?" विचारलं तर मास्तर केवढ्यानं हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबल पुसून ठेवलेलं, त्यावर बरोबर मधोमध ग्राइंडर. काकूंचे केस विंचरलेले होते, वेणी मास्तरांनी घातलेली; शिंप्याच्या हातची वेणी, टाका कुठे दिसत नव्हता. काकू हाक न मारता आपण होऊन बाहेर आल्या, भिंतीला धरत. खुर्चीवर बसल्या. पुडी उघडून त्यांनी नाक जवळ नेलं, एक बी उचलून दाताखाली धरली आणि कडकन फोडली.

"जळकट आहेत जरा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी आमच्याकडे बघितलं, लेकराचं पहिलं पाऊल पडल्यावर आईबाप बघतात तसं. काकूंनी नावं ठेवली होती. हिनं माझा हात दाबला.

"कुठून आणल्यात?" काकूंनी विचारलं.

"चौकातून. उद्या दुसरीकडून आणतो. तू आधी हे उघड," मास्तर म्हणाले. "एकदम सोपं आहे गं."

काकूंनी डावा हात झाकणावर ठेवला. फिरवला. झाकण फिरलं नाही.

"तळवा टेकव इकडे. हां. आता अंगठा इथं."

अंगठा खटक्यावर गेला आणि तळवा सुटला. तळवा टेकवला तर अंगठा कुठे ठेवायचा ते हाताला सुचेना. बोटं झाकणावर पसरली, पण वळेनात. नुसतीच घासली गेली. "थांब, मी दाखवतो," मास्तर म्हणाले आणि टक्कन उघडून दाखवलं, आत मूठभर बिया टाकल्या. पुन्हा लावलं. "बघितलंस? काही जोर नाही लावायचा."

काकूंनी पुन्हा केलं. या वेळी छातीशी धरून बघितलं, हनुवटीनं दाबून बघितलं. कपाळावर घाम आला. आम्हाला कुठे बघावं कळेना. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मग झाकण उघडलं, पण एकदम, आणि बिया सगळीकडे उडाल्या. फरशीवर टपटप करत त्या कपाटाखाली गेल्या, दारापर्यंत गेल्या. ही गोळा करायला वाकली.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

"सवयीनं जमतं गं," मास्तर म्हणाले. त्यांच्या बोलण्याला आता घाई लागली होती. "हे बघ. असं. परत बघ. असं." टक्क. टक्क. ते आमच्याकडे बघत होते, काकूंकडे बघत होते, ग्राइंडरकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं, आणि हात आपला उघडत होता, लावत होता.

काकू त्या हाताकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही डावखुरे आहात."

टक्क असा आवाज मधेच अर्धा राहिला. मास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं. इतकी वर्षं त्या हातानं सुया ओवल्या होत्या, काजं केली होती, कॉलर उलटवल्या होत्या. काकूंचा डावा हात जन्मभर नुसतं धरत आला होता. पोळपाट धरायचा, यंत्र धरायचा, भाजी धरायचा. करायचं ते उजव्यानं. असा हात एकटा मागे राहिला होता, आणि मास्तर त्याच्यासाठी शहरभर फिरून स्वतःच्या हाताचं माप घेऊन आले होते. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याची कात्री कधी चालली नाही, त्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही. त्यांना काय बोलायचं, माझ्याही आलं नाही.

"मी उजवा हात खिशात ठेवला होता," मास्तर म्हणाले.

"ठेवला असेल," काकू म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. आम्ही रागाची वाट बघत होतो. त्यांनी काहीतरी बोलावं, मास्तरांच्या अकलेचा, त्यांच्या खिशाचा, माझ्यासकट सगळ्यांचा उद्धार करावा, असं मला फार वाटत होतं. मास्तरांनाही तेच हवं असणार; ते मान खाली घालून उभे होते, बोलणी खायच्या तयारीत. काकू टेबलाचा आधार घेऊन उठल्या आणि भिंतीला धरत आत गेल्या.

त्यानंतर मास्तर पुन्हा बाजारात गेले, मीही गेलो. त्याच दुकानांत, त्याच क्रमानं. या खेपेला डावा हात खिशात.

"आज हात बदलला काका?" स्टूलवाल्या मुलीनं विचारलं.

मास्तरांनी उजवा हात पुढे केला. पात्याचा घेतला, झाकण दाबताना तो कलंडला. वाटीवाला घेतला, वाटी हलली नाही. मग पिशवीतून स्वतःचा तो खटक्याचा काढला, काउंटरवर ठेवला आणि उजव्या हातानं उघडायला लागले. बराच वेळ. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं. मास्तरांचं तोंड लाल झालं, दात आवळले गेले, आणि अंगठा एकसारखा त्या खटक्यावरून घसरत राहिला. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मास्तर, पुरे."

"एवढं अवघड असतं?" ते म्हणाले. "आणि मी तिला म्हणत होतो, सोपं आहे गं."

राहता राहिला तो चक्कीचा. उजव्या हातानंसुद्धा झाकण सहज निघालं, बटण सहज दाबलं गेलं. मुलीनं आतून मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं हप्त्यांचं सांगितलं. मास्तरांनी जास्त विचार केला नाही. "घरी सांगून येतो," एवढंच म्हणाले आणि वाटेत मला म्हणाले, "लोकांची पोटं सुटताहेत अजून. होईल."

मी त्यांच्याबरोबर आत गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

"मिळाला," ते म्हणाले. "या खेपेला उजव्या हातानं बघितला. झाकण फिरवायचं नाही, काही नाही. वर बिया ओतल्यास की नुसतं बटण."

"नको," काकू म्हणाल्या.

"पैशांचं नको बघूस."

"तसं नाही."

"अगं, तूच म्हणालीस ना, दळायचंय म्हणून?"

"म्हणाले होते." एवढ्या महिन्यांत बोलल्या नव्हत्या तेवढं काकू एका दमात बोलल्या. "मला ते आपलं यंत्र गुडघ्यात धरून दळायचं होतं. हाताला कळतं, किती बारीक झालं ते. बटण दाबायला मी कशाला लागते? बटण तुम्ही दाबा."

"आपण दोघं मिळून करू. मी पेटी धरतो, तू डाव्यानं..."

"अहो, राहू दे."

"मग कॉफी?"

"चहा करत जा."

"तुला चहा आवडत नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच बरा," काकू म्हणाल्या. "वाट बघावी लागत नाही त्याची."

त्या बोलल्या ते अगदी सरळ आवाजात, पडदा लावा म्हणावं तसं. आणि मग खरंच म्हणाल्या, "पडदा लावा जरा." मास्तर उठले आणि त्यांनी पडदा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे काही आवाज नव्हता. आमचा चहा उकळत होता, तेवढ्यात मास्तर दारात आले. हातात रिकामी वाटी.

"वहिनी, थोडी चहाची पूड देता का? आमच्याकडे नसते." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "किती घालतात?"

हिनं पूड दिली आणि सगळं सांगितलं. कपाला किती, पाणी किती, दूध कधी, उकळी किती वेळ ठेवायची. मास्तर मान हलवत होते, माप लक्षात ठेवताना हलवतात तशी. जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"चांगला झाला, हे कसं कळतं?"

"त्यात काय मास्तर," ही म्हणाली, "काकू सांगतील की."

"नाही हो," मास्तर म्हणाले. "ती आता कसाही झाला तरी 'बरा आहे' म्हणेल."

वाटीवर हात धरून, पूड सांडू न देता, ते हळूहळू आपल्या दाराकडे गेले. दार उघडंच होतं. आत गेल्यावर त्यांनी ते लावून घेतलं.